आरोपीच्या पिंजऱ्यात लोटस कार्लटन

चार माणसं आणि त्यांचं सामान नेणाऱ्या सलून गाडीला ताशी १७६ मैलांची गरजच काय, असा प्रश्न १९९० साली ब्रिटनमध्ये विचारला गेला. गाडी होती व्हॉक्सहॉल लोटस कार्लटन. युरोपात तीच ओपेल लोटस ओमेगा या नावानं विकली जात होती. १७६ मैल म्हणजे २८३ किलोमीटर, आणि ब्रिटनच्या मोटरवेवर मर्यादा ७० मैलांची, म्हणजे ११२ किलोमीटरची. 'डेली मेल'नं या गाडीविरुद्ध मोहीम उघडली, पोलिसांकडून नाराजी व्यक्त झाली, विषय संसदेपर्यंत गेला. मागणी सरळ होती: वेगाला कुलूप घाला, नाहीतर गाडी बाजारात आणू नका. कंपनीनं दोन्ही नाकारलं. मग १९९३ च्या अखेरीस इंग्लंडच्या मिडलंड्स भागात अशीच एक गाडी चोरीला गेली, चोरांनी ती वापरून दुकानं फोडली, आणि पोलिसांना तिच्या जवळपासही जाता येईना. तेव्हापासून या गाडीचा विषय निघाला की निकाल लागल्यासारखंच बोललं जातं. बेजबाबदार कंपनी, अनावश्यक ताकद, आणि व्हायचं तेच झालं.

हा निकाल मला मान्य नाही. ही गाडी मला आवडते, पण माझ्या हरकतीचं कारण ते नव्हे. आरोपपत्रातलं एकेक कलम तपासलं तर तपशिलावर एकही टिकत नाही, आणि तोच कच्चा युक्तिवाद आज आपल्याकडे दर मोठ्या अपघातानंतर पुन्हा ऐकू येतो, म्हणून हे लिहायचं.

पहिलं कलम असं की ही मुळातली साधी घरगुती गाडी, तिला दोन टर्बो लावले आणि जाहिरातीसाठी आकडा फुगवला. असं म्हणणाऱ्यानं या इंजिनावर काय काम झालं ते पाहिलेलं नसतं, म्हणून ते आधी नीट पाहू.

मूळ इंजिन कार्लटन जीएसआय ३००० चं. सरळ रांगेत सहा सिलिंडर, २४ व्हॉल्व्ह, २९६९ सीसी, २०४ हॉर्सपॉवर. बोअर ९५ मिलिमीटर आणि स्ट्रोक फक्त ६९.८. बोअर मोठा आणि स्ट्रोक इतका आखूड असला की इंजिन वरच्या फेऱ्यांवर खुलतं आणि खाली जरा हात राखून असतं. व्हॉक्सहॉल आणि ओपेलची मालक असलेल्या जनरल मोटर्सनं १९८६ मध्ये लोटस ताब्यात घेतली होती. नॉरफोकमधल्या हेथेलच्या लोटसच्या अभियंत्यांनी या इंजिनाचा बोअर तसाच ठेवला आणि स्ट्रोक ८५ मिलिमीटर केला. क्षमता झाली ३६१५ सीसी. कागदावर हा पंधरा मिलिमीटरचा फरक. प्रत्यक्षात त्यासाठी क्रँकशाफ्ट नवा लागतो, कारण क्रँकपिन मध्यरेषेपासून साडेसात मिलिमीटर आणखी बाहेर सरकते. पिस्टन तेवढाच वर जास्त येतो, म्हणून रॉड आणि पिस्टन यांचं गणित नव्यानं मांडावं लागतं. लोटसनं घडीव पिस्टन घेतले आणि कॉम्प्रेशन ८.२ पर्यंत खाली आणलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्लॉक. टर्बोचा दाब आत आला की सिलिंडरच्या भिंतींवर आणि बेअरिंगच्या बैठकींवर जो जोर येतो, त्यानं ब्लॉकच किंचित वाकतो. डोळ्यांना दिसणार नाही इतकं हे वाकणं असतं, पण पिस्टन रिंगला ते कळतं आणि इंजिन आतून झिजायला लागतं. म्हणून ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतींना ओतकामातच जादा रिब्ज देऊन तो ताठ केला. आकडा फुगवणारा माणूस ओतकामाच्या साच्यापर्यंत जात नाही. त्याचं काम टर्बोचा दाब वाढवण्याशी संपतं.

टर्बोही बघा. हॉर्सपॉवरचा मोठा आकडाच छापायचा असता तर एक मोठा टर्बो स्वस्तात पडला असता. लोटसनं गॅरेटचे दोन लहान टी२५ घेतले. सरळ सहा सिलिंडर इंजिनात १-५-३-६-२-४ या क्रमानं ठिणगी पडते. पुढच्या तीन सिलिंडरांतला एक, मग मागच्या तिनातला एक, असं आलटून पालटून. पुढच्या तिघांचा धूर एका टर्बोला आणि मागच्या तिघांचा दुसऱ्याला दिला की क्रँकच्या दर २४० अंशांनी प्रत्येक टर्बोला एक स्वच्छ झोत मिळतो. एकाचा झोत दुसऱ्याच्या आड येत नाही. लहान टर्बाइन हलकं, त्यामुळे ते लवकर फिरायला लागतं. परिणाम असा की २००० फेऱ्यांवरच सुमारे ४७५ न्यूटन-मीटर टॉर्क हाताशी येतो, आणि ४२०० वर ५६८. कमाल ३७७ हॉर्सपॉवर मिळते ती अवघ्या ५२०० फेऱ्यांवर. त्या काळच्या टर्बो गाड्यांचा लौकिक असा की पाय दाबा, वाट बघा, आणि मग अचानक लाथ बसते. वळणात मध्येच बसणारी ती लाथ फार धोक्याची. इथे ताकद पायाच्या हालचालीला धरून, सलग येते. माणसाच्या हातात नीट राहील अशा रीतीनं ती मांडणं हे सुरक्षिततेचंच काम आहे, आणि टीकाकारांनी नेमकं तेच मोजलं नाही.

दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा सिलिंडरमध्ये गेली की ठिणगीची ज्वाला पोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेटण्याचा धोका. आपल्याकडे मेकॅनिक त्याला 'नॉकिंग' म्हणतात. सलग नॉकिंगनं पिस्टनला भोक पडू शकतं. साधा इंटरकूलर लोटसनं घेतला नाही. पाण्यानं थंड होणारा चार्जकूलर बसवला. तो लहान जागेत मावतो, टर्बोपासून इंजिनापर्यंतची वाट आखूड राहते, आणि पाणी बराच काळ उष्णता शोषत राहतं. गाडी जर्मनीच्या ऑटोबानवर अर्धा तास सलग पळवली तरी इंजिन शाबूत राहावं, ही त्यामागची अपेक्षा. एका धावेत आकडा गाठून दाखवायचा असता तर याची काही गरज नव्हती.

ओपेलच्या रुसेल्सहाइमच्या कारखान्यातून पूर्ण बनलेल्या गाड्या हेथेलला जात. तिथे इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन उतरवायचं, बॉडीला रुंद चाकांसाठी कापाकापी करायची आणि सगळं नव्यानं बसवायचं, अशी पद्धत होती. एका गाडीमागे दीडशेच्या आसपास मानवी तास लागत. गिअरबॉक्स झेडएफचा सहा गिअरचा, शेव्हरोले कॉर्व्हेट झेडआर-१ मध्ये वापरलेला. सहावा गिअर इतका लांब की मोटरवेच्या ११२ च्या वेगाला इंजिन साधारण सोळाशे फेऱ्यांवर निवांत असतं.

आता ब्रेक, कारण दुसरं कलम 'धोकादायक' या शब्दाचं आहे. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतलं भौतिकशास्त्र. सुमारे १६६० किलोंची ही गाडी २८३ वर असताना तिच्यात जी गतिज ऊर्जा असते ती ११२ च्या वेळच्या ऊर्जेच्या सव्वासहा पटीहून जास्त. तो सगळा ताप डिस्कनं पोटात घ्यायचा. म्हणून पुढे ३३० मिलिमीटरच्या हवा खेळणाऱ्या डिस्क, त्यावर एपी रेसिंगचे चार पिस्टनचे कॅलिपर, मागे ३०० मिलिमीटरच्या डिस्क, आणि एबीएस. पुढे २३५, मागे २६५ रुंदीचे १७ इंची गुडइयर टायर. शून्यावरून ताशी शंभर मैल आणि तिथून पुन्हा शून्य, हे सतरा सेकंदांच्या आत. त्या काळच्या अनेक साध्या गाड्यांना तेवढ्या वेळात शंभर मैल गाठणंसुद्धा जमत नव्हतं. या वाक्यातला 'पुन्हा शून्य' हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. समोर अचानक ट्रक आडवा आला तर ११२ च्या वेगानं येणाऱ्या कोणत्या गाडीत बसलेलं तुम्हाला आवडेल? २८३ वरून थांबायला बनवलेल्या ब्रेकच्या, की १५० वरून कसंबसं थांबणाऱ्या?

मागच्या सस्पेन्शनचीही हीच गोष्ट. माणसं आणि सामान भरलं की मागची बाजू खाली बसते, चाकांचा कल बदलतो आणि टायर पूर्ण रुंदीनं रस्त्याला टेकत नाही. वेगात हा बदल जीवघेणा ठरू शकतो. लोटसनं मागच्या दुव्यांत सुधारणा केल्या आणि ओपेल सेनेटरची स्वतःहून उंची सावरणारं सस्पेन्शन आणलं. घरातली चार माणसं आणि भरलेली डिकी असतानाही चाकं जागेवर राहावीत, एवढा विचार झाला होता. 'घरगुती गाडीला एवढा वेग कशाला' असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की गाडी घरच्या माणसांना नेणार आहे हे अभियंते विसरले नव्हते.

मला सर्वांत बोलका वाटतो तो बॉडीचा पुरावा. मूळ ओमेगाची बॉडी हवेतून कापत जाण्यात त्या काळी अव्वल होती, ड्रॅगचा आकडा ०.२८. लोटसनं तिला पुढे खोल एअरडॅम लावला, कडांना रुंद पॅनल लावले, डिकीवर पंख बसवला. यानं हवेचा विरोध वाढला, म्हणजे कमाल वेग घटला. तरीही ते केलं, कारण मोठ्या वेगात गाडीखाली हवा शिरून ती हलकी होऊ नये, मागची चाकं रस्ता धरून राहावीत. ज्या माणसांना १७६ या आकड्याचा हव्यास होता म्हणता, त्यांनी स्थैर्यासाठी त्याच आकड्यातले काही मैल सोडून दिले होते.

कमाल वेग म्हणजे काय, याचा हिशेबही एकदा करून पाहावा. हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. साधी जीएसआय ३००० ताशी २४० पर्यंत जायची. तिथून २८३ ला पोचायचं तर निव्वळ हवेसाठी सुमारे १.६ पट ताकद लागते. म्हणजे लोटसनं २०४ ची ३७७ हॉर्सपॉवर केली, त्यातला बहुतेक भाग शेवटच्या त्रेचाळीस किलोमीटरांत हवेनं खाल्ला. तीच ताकद ८० ते १२० च्या दरम्यान जवळजवळ मोकळी असते. तिथे ती ओव्हरटेकचा वेळ कमी करते आणि समोरच्या लेनमध्ये घालवायचे सेकंद वाचवते. या गाडीचा खरा गुण तिथे आहे. १७६ ही त्या गुणाची उरलेली शिल्लक आहे, आणि सगळी ओरड त्या शिल्लकेवर झाली.

इथूनच तिसऱ्या कलमाकडे येतो, वेगमर्यादकाच्या मागणीकडे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बड्या जर्मन कंपन्यांनी आपापसात ठरवून आपल्या गाड्या २५० वर अडवायला सुरुवात केली. टीकाकारांचं म्हणणं, व्हॉक्सहॉलनंही तेच करायला हवं होतं. केलं असतं तर काय बदललं असतं? २५० हा ब्रिटनच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्तच आहे. २८३ बेकायदा आणि २५० कायदेशीर असं तर नव्हतं. ज्या रस्त्यांवर माणसं मरतात, म्हणजे गावाबाहेरचे अरुंद, वळणावळणाचे रस्ते, तिथे कुणीही २५० ला पोचत नाही. तिथला अपघात ९० ला होतो, ११० ला होतो, चुकीच्या वळणावर, चुकीच्या क्षणी, कधी दारूच्या अंमलाखाली. जर्मनीतही ऑटोबानचे मोठे भाग मर्यादेविना असताना सर्वाधिक बळी जातात ते ग्रामीण रस्त्यांवर. २५० च्या मर्यादकानं कंपन्यांना टीकेपासून आडोसा मिळाला, एवढंच. रस्त्यावरच्या माणसाला त्यानं काही दिलं असेल तर ते मला दिसत नाही.

चोरीचं प्रकरण टीकाकारांचं सर्वांत लाडकं, म्हणून ते टाळून चालणार नाही. पोलिसांना ती गाडी का पकडता आली नाही? ती २८३ वर पळत होती म्हणून नव्हे. त्या भागात गस्तीवर होत्या त्या लहान चार सिलिंडरच्या गाड्या, ज्यांचा दम दोनशेच्या पुष्कळ आत संपायचा. त्यांना ती चोरीची गाडी तिच्या पिकअपनं पहिल्या काही सेकंदांतच मागे टाकत असे. तिच्यावर २५० चा मर्यादक असता तरी चित्र तसूभरही बदललं नसतं. मागचा जर १८० लाच अडकला असेल, तर पुढचा २५० ला अडतो की २८३ ला, यानं पाठलागात काय फरक पडतो? पोलिसांची लाज या उदाहरणात आहे, गाडीचा गुन्हा नाही. याच सुमारास अनेक ब्रिटिश पोलीस दलं मोटरवेवर व्हॉक्सहॉल सेनेटर वापरत होती, तीन लिटर, २४ व्हॉल्व्ह, म्हणजे लोटसच्या इंजिनाचा थेट पूर्वज. १९६० च्या दशकात दरोडेखोरांनी जॅग्वार मार्क २ पळवायला सुरुवात केली तेव्हा पोलिसांनीही जॅग्वार मार्क २ घेतल्या होत्या. उपाय माहीत होता. त्या चोऱ्यांच्या वेळी तो त्या गस्तीवर नव्हता.

चोरीचं मूळ आणखी वेगळीकडे होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये गाड्यांची चोरी हा सामाजिक रोग झाला होता. रात्री गाडी उचलायची, वस्तीत बेफाम पळवायची, ठोकायची, जाळायची. तो इतका वाढला की १९९२ मध्ये अशा चोरीसाठी कडक शिक्षेचा वेगळा कायदा करावा लागला. यात चोरल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या लोटस कार्लटन नव्हत्याच. लोटस कार्लटन आणि लोटस ओमेगा मिळून साडेनऊशेच्या आसपास बनल्या. उचलल्या जात होत्या त्या हजारोंनी विकल्या गेलेल्या छोट्या हॅचबॅक, ज्यांची कुलुपं सहज उघडायची. पुढे १९९८ पासून ब्रिटन आणि युरोपात नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. किल्लीतल्या चिपची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. गाड्यांच्या चोऱ्या कोसळल्या. कुणाचंही इंजिन त्यासाठी लहान करावं लागलं नाही. चोरांच्या हाती जोरदार गाडी लागली हे दुःख खरं असेल तर बोट कुलुपाकडे दाखवायला हवं होतं, आणि ते बोट दाखवायला त्या वेळच्या वृत्तपत्रांना सुचलं नाही.

राहता राहिला गरजेचा प्रश्न. 'कुणाला गरज आहे?' हा प्रश्न ऐकायला निरुत्तर करणारा वाटतो, पण तो विचारणाऱ्यालाही कुठे थांबायचं ते माहीत नसतं. २८३ ची गरज नाही, ठीक. मग २४० ची होती का? तीच जीएसआय ३००० त्याच शोरूममध्ये विकली जात होती आणि तिच्यावर अग्रलेख लिहिला गेला नाही. २१० ला जाणाऱ्या हलक्या हॅचबॅक गाड्या तर वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या हातात होत्या, ब्रेक आणि टायर मात्र बेताचेच. ११२ च्या वर जाणारी प्रत्येक गाडी मर्यादा मोडू शकते, आणि तशी न जाणारी नवी गाडी त्या काळी जवळपास मिळतच नव्हती. म्हणजे गरज हा निकष लावायचा तर तो सगळ्यांना लावा. एकाच मॉडेलला उभं करून तिच्याकडून सगळ्यांच्या वतीनं कबुलीजबाब घेणं न्यायाचं नाही. युरोपीय संघानं अलीकडे जो मार्ग घेतला तो मला या बाबतीत प्रामाणिक वाटतो. जुलै २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत त्या त्या रस्त्याची मर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा हवी. गाडी पन्नास हॉर्सपॉवरची असो की सहाशेची, नियम एकच, आणि तो रस्त्यानुसार लागू होतो. याच्याशी कुणाचं दुमत असेल तर ते चर्चेत मांडता येतं. कार्लटनविरुद्धच्या मोहिमेत चर्चा नव्हती, चित्र होतं: हिरवट काळ्या रंगाची, फुगीर कडांची एक दांडगी गाडी.

या गाडीत उणिवा नव्हत्या असं मी म्हणणार नाही. स्टिअरिंग सेनेटरकडून आलेलं, त्यात हाताला रस्त्याची खबर हवी तेवढी मिळत नाही, हे त्या काळच्या चाचणीकारांनी लिहिलं आणि ते बरोबर होतं. ट्रॅक्शन कंट्रोल नव्हता. गाडी घसरायला लागल्यावर एकेका चाकाचा ब्रेक स्वतःहून दाबून तिला सावरणारी ईएसपी ही यंत्रणा मर्सिडीजनं १९९५ मध्ये आणली. ओल्या रस्त्यावर ३७७ हॉर्सपॉवर मागच्या दोन चाकांना देणं म्हणजे चालकाच्या उजव्या पायावर मोठा विश्वास टाकणं, हेही खरं. पण हे आक्षेप अभियांत्रिकीचे आहेत आणि त्यांना अभियांत्रिकीतच उत्तरं मिळाली. नैतिक आरोपाला त्यातून बळ मिळत नाही.

आता आपल्याकडचं बोलतो, कारण मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि त्यानंतरच्या संतापात हाच जुना युक्तिवाद महाराष्ट्रभर ऐकू आला: अशा गाड्या रस्त्यावर येऊच कशा देतात? संताप रास्त होता, आजही आहे. पण त्या रात्रीच्या बातम्यांमध्ये काय काय होतं ते आठवा. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, म्हणजे परवान्याच्या वयाचाच नाही. दारू प्यायल्याचा आरोप. गाडीची कायमची नोंदणी झालेली नाही. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप आणि त्यात अटका. यातली प्रत्येक कडी माणसांनी आणि व्यवस्थेनं तोडली. तिथे इंजिनाच्या ताकदीवर बोलत बसलो तर किल्ली देणारा, दारू वाढणारा, कागद न तपासणारा, सगळे त्या चर्चेआड सुखानं उभे राहतात. मला याचा राग येतो. मेलेल्यांना न्याय मिळायचा तर दोष नेमका ठेवावा लागतो.

आणि खरोखरच धोकादायक असलेल्या गाड्या आपल्याकडे कोणत्या, तेही पाहा. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात कुठल्याही ट्यूनिंगच्या गॅरेजात जा. शंभर-सव्वाशे हॉर्सपॉवरची टर्बो डिझेल गाडी येते, लॅपटॉप जोडला जातो, 'स्टेज वन' होतं, पुढच्या महिन्यात 'स्टेज टू'. ताकद तीस-चाळीस टक्क्यांनी वाढते. ब्रेक कंपनीचेच, डिस्क तीच, टायर तेच, कधी तर झिजलेले. क्लच घसरायला लागला की तेवढा बदलतात, कारण तो बदलल्याशिवाय गाडी पळत नाही. ब्रेक बदलायला सांगा, गिऱ्हाईक म्हणतं, बघू नंतर. या गाड्या द्रुतगती मार्गावर तुमच्या आमच्या मागे येऊन दिवे दाखवतात. त्यांच्याबद्दल कुणी अग्रलेख लिहीत नाही, कारण त्या बाहेरून साध्याच दिसतात. ताकद वाढवताना ब्लॉकपासून डिस्कपर्यंत आणि टायरपासून डिकीवरच्या पंखापर्यंत सगळं तिच्या मापाचं करायचं, हे लोटसनं १९९० मध्ये केलं, आणि शिव्या त्याच गाडीला मिळाल्या.

लोटस कार्लटनवर बंदी कधीच आली नाही. ४८,००० पाउंडांची किंमत आणि ब्रिटनमधली मंदी यांमुळे विक्री रोडावली, अकराशेचं उद्दिष्ट अपुरं राहिलं आणि १९९२ मध्ये उत्पादन थांबलं. मग २०१४ मध्ये त्याच व्हॉक्सहॉलनं ब्रिटनमध्ये व्हीएक्सआर८ जीटीएस ही चार दारांची सलून आणली. सुपरचार्जरवालं व्ही८ इंजिन, ५७६ हॉर्सपॉवर, म्हणजे कार्लटनच्या दीडपट. तिला २५० चा मर्यादक होता, तेवढी शोभा राखलेली. संसदेत कुणी तिचं नावही काढलं नाही. कार्लटनविरुद्ध ओरड झाली त्या १९९० साली ब्रिटनच्या रस्त्यांवर पाच हजार दोनशेहून जास्त माणसं मेली होती. २०१४ मध्ये हा आकडा अठराशेच्या आत होता. मधल्या काळात मागच्या सीटलाही पट्टा सक्तीचा झाला, वेगाचे कॅमेरे लागले, दारू पिऊन चालवणाऱ्यांवरची कारवाई सुटली नाही, एअरबॅग आणि ईएसपी साध्या गाड्यांत आले, रस्त्यांची वळणं आणि कठडे सुधारले. गाड्यांची सरासरी ताकद याच काळात वाढत गेली. ज्यांनी १९९० मध्ये १७६ या आकड्यात संकट पाहिलं, त्यांनी या दोन आकड्यांमधला जवळपास साडेतीन हजार माणसांचा फरक कशानं पडला ते सांगावं.